अननसाचा धूर की रास्पबेरीचं चामडं?

पत्राचा गोषवारा : बेळगावच्या एका उपनगरात राहणाऱ्या, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या ३८ वर्षांच्या वाचक ताईंचं हे पत्र. त्यांचे धाकटे दीर दुबईत नोकरीला आहेत. मागच्या दिवाळीत ते आले तेव्हा बॅगेत दोन परफ्यूम होते : आर्माफचा ‘क्लब द नुई इंटेन्स मॅन’ आणि रसासीचा ‘ला युकावम पूर होम’. पहिल्यात अननस, लिंबू आणि मागे धुरकट चामडं. दुसऱ्यात रास्पबेरी, केशर आणि समोरासमोर चामडं. ताईंनी दोन्ही लावून बघितले. आता गणपतीला येताना दीर त्यांच्यासाठी एक नवी बाटली आणणार आहेत आणि ‘वहिनी, कुठली ते लवकर कळवा’ म्हणून मागे लागलेत. दिरांचं मत अननसवाल्याला, कारण तो सगळ्यांना आवडतो. शाळेच्या स्टाफरूममध्येही त्याचंच कौतुक झालं. यजमानांना रास्पबेरीचा ‘लई जड’ वाटतो, त्यांचं डोकं दुखतं. सासूबाई भजनी मंडळातल्या, माळकरी. चामड्याचा वास मारणारा सेंट देवघर असलेल्या घरात नको म्हणतात. शिवाय दोन्ही बाटल्या पुरुषांसाठीच्या. ताई लिहितात : ‘शाळेत, लग्नात, सणाला, सगळीकडे चालेल असा एकच ठेवायचा आहे. रास्पबेरीचा लावला त्या दिवशी मी पदर नाकाशी धरून बसले होते. माझं माहेर निपाणीचं, वडिलांचं चपलांचं दुकान होतं. पण ते असो. कुठला घेऊ?’

ताई,

अननसाच्या सेंटबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते सगळं दुसऱ्यांच्या तोंडचं आहे : दिरांचं मत, स्टाफरूममधलं कौतुक. रास्पबेरीच्या सेंटबद्दल आक्षेप तेवढे दुसऱ्यांचे, नाकाशी धरलेला पदर मात्र तुमचा. त्यानंतर निपाणीचं दुकान येतं आणि ‘पण ते असो’ म्हणून तुम्ही ते बाजूला सारता. ते बाजूला सारू नका. माझं उत्तर आधीच सांगून टाकते : रास्पबेरीचा घ्या. फक्त ‘सगळीकडे चालेल असा एकच’ ही अट तुम्हाला सोडावी लागेल, कारण दोन्हीपैकी एकही बाटली ती अट पुरी करत नाही.

आधी दोन्ही बाटल्यांत काय आहे ते बघू. दोघीही परदेशातल्या मोठ्या परफ्यूम-घराण्यांच्या वळणावर गेलेल्या आहेत. आर्माफचा २०१५ चा हा सेंट क्रीडच्या २०१० साली आलेल्या ‘अव्हेंटस’च्या धाटणीचा, तर रसासीचा टॉम फोर्डच्या २००७ च्या ‘टस्कन लेदर’च्या धाटणीचा. मूळ बाटल्या कित्येक हजारांच्या. तेवढ्या पैशात आपल्याकडे मुलाची वर्षाची फी भागते. म्हणून आखाती घराण्यांच्या या बाटल्या आपल्या गावापर्यंत पोचल्या. त्यात कमीपणा काही नाही. रसासी तर १९७९ साली दुबईत अब्दुल रझाक कालसेकर यांनी सुरू केलेली कंपनी; आडनावातच कोकण आहे.

आर्माफचा सेंट लावल्याबरोबर लिंबाचा फटका बसतो, थोडा वेळ तो नाकाला झोंबतोही. मग अननस, सफरचंद, ब्लॅककरंट नावाचं आंबटगोड फळ उलगडतात, त्यांच्या मागून बर्चच्या लाकडाचा धूर येतो आणि शेवटी कस्तुरी, व्हॅनिला, पॅचुली असं मऊ काहीतरी उरतं. त्यातलं चामडं धुराच्या आडून येतं. रसासीच्या बाटलीत आडपडदा नाही. रास्पबेरी, केशर आणि चामडं तिघंही पहिल्याच क्षणी पुढ्यात येतात, सोबत थाइम नावाचा कोरडा पाला. आपल्या ओव्याला ज्याच्यामुळे वास येतो ते थायमॉल थाइममध्येही असतं, म्हणून तो भाग तुम्हाला परका वाटला नसेल. नंतर फळ मागे सरतं, चामडं मऊ पडतं आणि धूप, अंबर, लाकूड असा उबदार तळ तासन्‌तास राहतो.

आता फळांचं. रास्पबेरीपासून किंवा अननसापासून परफ्यूमसाठी तेल काढता येत नाही. हे वास रसायनांतून बांधतात. रास्पबेरीला ‘रास्पबेरी कीटोन’ नावाचा रेणू असतो, अननसाला अॅलिल हेक्झानोएटसारखे एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी रसायनं. हे एस्टर खाण्याच्या अननस एसेन्समध्येही वापरतात, म्हणजे बेकरीतल्या पायनापल पेस्ट्रीशी या वासाचं थेट नातं आहे. तुमच्या स्टाफरूमने अननसाचं कौतुक केलं त्याचं मला नवल वाटत नाही. लग्नातल्या अननस शिऱ्यापासून वाढदिवसाच्या केकपर्यंत तो वास आपल्या आनंदाच्या प्रसंगांना चिकटलेला आहे. रास्पबेरी आपल्या रोजच्या ओळखीची नाही. खानापूर-जांबोटीकडे जांभूळ, करवंद, फणस, काजूची बोंडं. रास्पबेरी आली ती महाबळेश्वरच्या सरबताच्या बाटलीतून. तिच्या जोडीला चामडं आलं की नाकाला ओळखीचा आधारच सापडत नाही, आणि अनोळखी वासाला माणूस चटकन ‘जड’ म्हणून मोकळा होतो. तेव्हा कौतुक कुठल्या सेंटचं झालं एवढ्यावर जाऊ नका. ‘छान वास येतोय’ म्हणणारी बाई तासाभरात दुसऱ्या वर्गात जाते. तो वास अंगावर घेऊन संध्याकाळपर्यंत तुम्ही राहता.

चामड्याजवळ मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तुमच्या पत्राची खरी गाठ तिथेच आहे.

परफ्यूममधलं ‘चामडं’ हे कातड्यापासून काढलेलं नसतं. कातडं उकळून, गाळून, पिळून बाटलीत भरायची काही सोय नाही. तो वास दोन-तीन वाटांनी तयार होतो. एक, बर्चचं डांबर : रशियात कातडं कमावताना बर्चच्या सालीचं तेल वापरत, म्हणून तो धुरकट वास म्हणजे चामडं, असं युरोपच्या नाकात बसलं. हा बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाच्याच कुळातला. दोन, आयसोब्युटिल क्विनोलिन नावाचं रसायन; कडवट, हिरवट, कोरडं. तीन, केशरासारखा वास देणारे रेणू, जे मऊ कमावलेल्या कातड्याची आठवण देतात. तुमच्या रास्पबेरीच्या सेंटमध्ये केशर उगाच नाही. फळाचंही तसंच. कडवट चामड्याला गोडाची जोड द्यायची रीत जुनी आहे. फ्रान्समधलं ग्रास हे गाव आज सुगंधाचं माहेरघर म्हणून ओळखलं जातं, पण मुळात ते चांभारकामाचं गाव. कातड्याच्या हातमोज्यांचा उग्र वास झाकायला तिथले कारागीर ते सुगंधित करू लागले, आणि त्यातून पुढे अख्खा धंदा उभा राहिला. चामडं आणि सुगंध यांचं नातं एका फॅशनपुरतं नाही, शतकांचं आहे.

मात्र आपल्या भागातलं चामडं वेगळं. निपाणी, अथणी या आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत ज्या चपला होतात, त्यांचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. ‘कोल्हापुरी’ या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सोलापूर, साताऱ्याबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आपल्या बाजूच्या चार जिल्ह्यांनाही मिळालं. या चपलेचा वास सालीचा, किंचित आंबूस, तेल लावून उन्हात ठेवल्यावर येणारा. धूर त्यात नाही, रास्पबेरी तर नाहीच. म्हणजे बाटलीतलं चामडं हे हातमोज्याचं, जाकिटाचं, महाग मोटारीच्या सीटचं. तुमच्या वडिलांच्या दुकानातलं नव्हे.

मग तुम्हाला निपाणी का आठवली? वासाचा निरोप मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने जातो. डोळ्यांनी, कानांनी आलेल्या गोष्टीला वाटेत एक ठाणं लागतं, वासाला ते टाळून जाता येतं. त्यामुळे निम्मा सारखा वाससुद्धा पुरतो. तो कोरडा कडवटपणा, गल्ल्याजवळ बसलेले वडील, कप्प्यांतून रचलेले जोड, आणि निपाणी म्हटल्यावर हवेत असणारी तंबाखू. हे सगळं एकदम आलं असणार. त्यात अवघडण्यासारखं काहीच नाही. पण इथे मी तुम्हाला एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर मला कळवायची गरज नाही. तुम्हाला हा वास अंगावर लावून हिंडायचंय, की अधूनमधून जवळ घ्यायचाय? दोन्ही इच्छा खऱ्या आहेत, पण त्यांची सोय वेगवेगळी होते. वडिलांच्या आठवणीसाठीच हवा असेल तर ७५ मिलीची बाटली लागत नाही. पाच-दहा मिलीची कुपी कपाटात ठेवली तरी पुष्कळ वर्षं पुरते, आणि तिथे दिरांच्या मताचा, यजमानांच्या डोक्याचा प्रश्नच येत नाही. पण पत्रात तुम्ही ‘पदर नाकाशी धरून बसले होते’ असं लिहिलंय, म्हणजे तो कपड्याला लागून दिवसभर सोबत होता आणि तुम्हाला नकोसा झाला नाही. आठवण पहिल्या तासात येऊन जाते. संध्याकाळीही पदर नाकाशी जात होता, तर त्या वासातच तुम्हाला आवडणारं काहीतरी आहे. म्हणून मी बाटली घ्या म्हणते.

पुरुषांचा सेंट, या आक्षेपाला फार वेळ द्यायची गरज नाही. आपल्याच लग्नाचा मांडव आठवा. दारात गुलाबदाणी असते, अत्तराचा बोळा असतो, आणि आलेल्या प्रत्येक काका-मामाच्या मनगटाच्या मागच्या बाजूला गुलाबाचं किंवा मोगऱ्याचं अत्तर लावलं जातं. फुलाचा वास बायकांचा म्हणून कुणी हात मागे घेतलेला मी पाहिला नाही. अत्तराच्या दुनियेत हिना, केवडा, खस, गुलाब यांना बाई-पुरुष असं कधी नव्हतंच. ती विभागणी दुकानातल्या शेल्फांची आहे. आणि परदेशातसुद्धा चामड्याच्या सुगंधाचा इतिहास बायकांनी भरलेला आहे. कॅरोन या फ्रेंच घराण्याचा ‘टबाक ब्लाँ’ १९१९ सालचा, सिगारेट ओढणाऱ्या बायकांसाठी काढलेला, चामडं आणि तंबाखूचा. रॉबेर पिगेचा ‘बँडिट’ १९४४ चा, तोही बायकांसाठी. क्विनोलिनचा इतका सढळ वापर त्याआधी फारसा कुणी केला नव्हता, आणि तो बांधणारी जर्मेन सेलिए ही स्वतः बाई होती. ‘होम’ आणि ‘मॅन’ हे शब्द खोक्यावर आहेत. खोकं तुम्ही घरीच ठेवणार आहात.

सासूबाईंचं म्हणणं मात्र असं झटकून चालणार नाही. एका घरात राहायचं आहे, आणि त्यांच्या श्रद्धेला त्यांच्या परीने अर्थ आहे. त्यांना दोन गोष्टी शांतपणे सांगता येतील. पहिली, या बाटलीत कातडं नाही; केशराचा, पाल्याचा, चामड्याचा वास देणारी रसायनं आहेत. दुसरी जरा नाजूक आहे. अननसाच्या बाटलीच्या वर्णनात कस्तुरी आणि अंबरग्रीस अशी नावं असतात. दोन्ही मुळात प्राण्यांपासून आलेल्या वस्तू : एक मृगाची, दुसरी देवमाशाची. आता बाजारातल्या बहुतेक सेंटांत ती कृत्रिम असतात, पण नावं तीच राहिलीत. कस्तुरीला आपण देवाच्या कपाळी लावतो, अभंगांत गातो, तिला कुणी नाक मुरडत नाही. आणि सासूबाई एकादशीला ज्या पखवाजाच्या साथीने गातात, त्याची पुडी कातड्याचीच असते. वादात जिंकायला म्हणून हे सांगू नका. चहा पिताना, गप्पांच्या ओघात सांगा. त्यांना पटलं तर उत्तम.

नाही पटलं तर एक तडजोड सोपी आहे : पूजा, आरती, नैवेद्य उरकल्यावर, बाहेर पडताना, दाराजवळ लावायचा. देवघरासमोर नाही. (समईजवळ तर कुठलाच स्प्रे मारू नये, अल्कोहोल पेट घेतं, गणपतीच्या दिवसांत घरात सतत दिवा असतो म्हणून आवर्जून सांगते.) वेळेची आणि जागेची ही तडजोड मी मनापासून सुचवते. एक तडजोड मात्र सुचवणार नाही. चामडं ओंगळ, त्याचा वास विटाळाचा, ही समजूत खाली मान घालून मान्य करू नका. तो आक्षेप सेंटवर थांबत नाही. कातडं कमावणाऱ्या, चपला शिवणाऱ्या, विकणाऱ्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या तो येत राहिला. तुमच्या वडिलांनी त्याच वस्तूच्या दुकानावर तुम्हाला शिकवलं आणि शिक्षिका केलं. सासूबाईंच्या मनात तसं काही नसेलही, बहुधा नसावंच. जुन्या सवयीने निघालेला शब्द असेल. पण तुम्ही ‘पण ते असो’ लिहिलंत, त्यामागे हा संकोच असेल तर तो तुमच्याकडे असायचं काही कारण नाही, एवढं मला ठामपणे म्हणायचं आहे.

यजमानांचं डोकं दुखतं हा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो, आणि त्याचा इलाज बहुतेक वेळा बाटली बदलण्यात नसतो. तो मात्रेत असतो. आपलं नाक थोड्याच वेळात आपल्या वासाला सरावतं. लावणाऱ्याला वाटतं उडून गेला, म्हणून तो आणखी दोन फवारे मारतो, आणि समोरचा गुदमरतो. हे दोन्ही सेंट ठसठशीत जातीचे आहेत. त्यांना एक फवारा, फार तर दोन. गळ्यावर मारण्यापेक्षा पोटावर किंवा पाठीवर, कपड्याच्या आत मारला तर वास हळूहळू बाहेर येतो आणि शेजारी झोपणाऱ्याच्या नाकाशी थेट भिडत नाही. आठवडाभर असं करून बघा, रोज यजमानांनाच विचारा. तरीही डोकं दुखत असेल, अर्धशिशी उठत असेल, किंवा त्यांना दम्याचा त्रास असेल, तर मात्र घरात तो लावायचा नाही. बाहेर जायच्या दिवशी, बाहेर पडताना. तब्येतीपुढे हौस मागे घ्यावी. आणि त्याच वेळी अननसवालाही तपासा. बर्चच्या धुरानेही पुष्कळांचं डोकं धरतं, पण तो ‘सगळ्यांना आवडतो’ म्हटल्यावर ते कुणी बोलून दाखवत नाही.

आता ती मुख्य अट : शाळा, लग्न, सण, सगळ्याला एकच. आपण रोजच्या वापराची सुती साडी आणि लग्नातली इरकल एकच ठेवत नाही. मग सेंटवरच हा भार का?

तुमचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी बेळगावहून खानापूरकडे जाणारी बस. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाल्यापासून बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे सकाळच्या फेऱ्या कशा भरतात ते तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात काचा बंद, ओल्या छत्र्या, खांद्याला खांदा. तिथे रास्पबेरी-चामडं म्हणजे शेजारणीवर जबरदस्ती, आणि अननस-धूरही तेवढीच. त्यानंतर चाळीस मुलांचा वर्ग, त्यात एखादं दमेकरी लेकरू. शाळेच्या दिवशी दोन्ही नकोत. साबणाचा, वाळ्याचा, मोगऱ्याच्या गजऱ्याचा वास पुरे. मुलांना बाई आठवतात तेव्हा तोच आठवतो.

बेळगावच्या हवेत ठसठशीत सेंटला जागा मात्र पुष्कळ आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपासचं हे गाव. मार्गशीर्ष-पौषात सकाळ-संध्याकाळ चांगला गारवा. चामडं, धूप, अंबर हे जड रेणू अशा थंडीत खुलतात. उन्हात ते फार वेगाने उसळतात आणि गोड फळ नाकात बसतं. वळीव पडायच्या आधीच्या एप्रिल-मेच्या काहिलीत रास्पबेरीचा सेंट लावाल तर यजमानांचा ‘लई जड’ तुम्हालाही पटेल. पावसाळ्यात हवा गार पण दमट, त्यामुळे वास रेंगाळतो. अर्धी मात्रा पुरते. म्हणजे गणपतीत आलेली बाटली खरी लागणार ती तुळशीच्या लग्नानंतर, लग्नसराईत, संध्याकाळच्या कार्यक्रमांना. तोवर घाई करू नका.

बाटली सांगायच्या आधी एक चाचणी करता आली तर करा. दिरांच्या जुन्या बाटल्या घरी राहिल्या असतील, किंवा ओळखीतल्या कुणाकडे असतील. कागदावर हुंगून ठरवू नका. हे सेंट कातडीच्या उबेवरच खरे कळतात. एका दिवशी एकच, एकाच मनगटावर, न चोळता. पहिल्या पंधरा मिनिटांचं मत लिहू नका, कारण त्या वेळात अननसवाला लिंबाने झोंबतो आणि रास्पबेरीवाला फळाने भुलवतो; दोघंही खोटं बोलतात असं नाही, पण पूर्ण बोलत नाहीत. दुपारी चारला आणि रात्री जेवणानंतर मनगट नाकाशी न्या. तेव्हा जो हवासा वाटेल तो तुमचा. मधे नाक भरून आलं तर कॉफीच्या बिया शोधत बसू नका, स्वतःच्या सेंट न लागलेल्या बाहीचा वास घ्या, तेवढं पुरतं.

कपड्यांबद्दल थोडं. रेशमावर, जरीवर थेट स्प्रे मारू नका; अल्कोहोलने डाग पडतो, जरीचं काम काळवंडतं. इरकलचा रेशमी पदर असेल तर विशेष जपा. ब्लाउजच्या आतल्या अस्तरावर हातभर अंतरावरून मारा आणि वाळल्यावर साडी नेसा. मोत्याचे आणि खोटे दागिने सेंट लावून झाल्यावर घालायचे, आधी नाही. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको. खोक्यासकट कपाटात, अंधारात.

दिरांना कळवताना नाव पूर्ण कळवा. ‘ला युकावम’ नावाने रसासीच्या बऱ्याच बाटल्या आहेत : बायकांसाठीची वेगळी, ‘टोबॅको ब्लेझ’ वेगळी, ‘अँबरग्रीस शॉवर्स’ वेगळी, आणि वासही सगळ्यांचे वेगळे. बायकांसाठीची म्हणून भाबडेपणाने ती आणली गेली तर तुम्हाला हवा तो वास मिळणार नाही. ‘पूर होम’ हे शब्द खोक्यावर आहेत का, बघून घ्यायला सांगा. ती ७५ मिलीची असते, त्यामुळे हातातल्या बॅगेच्या १०० मिलीच्या नियमात बसते. ज्या वाचकांचं मन अननसवाल्यावरच असेल त्यांनी लक्षात ठेवावं की ‘इंटेन्स मॅन’ची नेहमीची बाटली १०५ मिलीची, म्हणजे ती चेक-इनच्या सामानातच जायला हवी, नाहीतर विमानतळावर काढून ठेवावी लागते. त्यातही ‘क्लब द नुई’चे प्रकार अनेक आहेत; नुसतं ‘क्लब द नुई आण’ म्हणून सांगितलं तर भलतीच बाटली येते. ‘चार-सहा महिने ठेवली की लिंबाचा झोंबरेपणा जातो’ असं बरेच हौशी लोक सांगतात. त्या भरवशावर विकत घेऊ नका. आज, आहे तशी आवडली तरच घ्या.

ज्यांचे दीर दुबईत नाहीत त्यांनी अख्खी बाटली मागवायच्या आधी पाच मिलीची कुपी मागवावी, तीही भरोशाच्या विक्रेत्याकडून. या दोन्ही नावांचा खोटा माल फिरतो. किंमत फारच कमी, झाकण सैल, खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळावरचा बॅच नंबर जुळत नाही, असं दिसलं तर परत पाठवावी. अंगाला खाज सुटली, पुरळ आलं तर लगेच धुवून टाकावं आणि पुन्हा लावू नये, मग तो कितीही आवडता असो. आणि ताई, दिरांना फोन यजमान आणि सासूबाई घरात असतानाच करा, बाजूला जाऊन नको.